झूम एच१एन: निफाडच्या थंडीत वापरलेला रेकॉर्डर

रेकॉर्डर घ्यावा का, असं मला हल्ली बरेच जण विचारतात. विचारणारे बहुतेक हौशी व्हिडिओवाले. कुणी द्राक्षबागेचे व्हिडिओ करतं, कुणी कळसूबाईच्या चढाईचे, आमच्या गल्लीतल्या एक वहिनी तर फक्त बाजरीची भाकरी आणि तिळाच्या लाडवांचे करतात. त्यांच्या व्हिडिओंखाली वाजतं ते संगीत मी घरी बनवते आणि फुकट देते. त्यामुळे प्रश्न माझ्याकडेच येतो. उत्तर आधीच देऊन टाकते: संगीत स्वतः करणार असाल तर झूम एच१एन डोळे झाकून घ्या. नुसतं कॅमेऱ्यासमोर बोलायचं असेल तर पैसे वाया घालवू नका, फोन आणि कॉलरला लावायचा साधा माइक पुरतो.

मी निफाड तालुक्यातली. दिवसा झेरॉक्स-स्टेशनरीचं दुकान, संध्याकाळी भजनी मंडळात पेटी. थंडीचंच संगीत का, हा प्रश्न इथल्या माणसाला पडत नाही. महाराष्ट्रात नीचांकी तापमान कुठं, असं म्हटलं की बातमीत आमचंच नाव येतं. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा सकाळी गावभर फिरतो, आणि पारा चार-पाचावर गेला की बागाईतदाराची झोप उडते, कारण गारठ्यानं मणी तडकतात. पहाटे बागांमधून शेकोट्या पेटतात, मोटारी सुरू होतात, पाणी सोडलं जातं. हा सगळा उद्योग अंधारात चालतो, म्हणजे दिसतो कमी आणि ऐकू जास्त येतो. पुतण्यानं बागेच्या व्हिडिओला तयार लायब्ररीतलं ‘विंटर’ लिहिलेलं संगीत लावलं तेव्हा घरातले सगळे हसले. पियानो, वर किणकिण घंटा, मध्येच व्हायोलिन. पडद्यावर मफलर गुंडाळलेला आमचा गडी आणि मागे युरोपातला नाताळ. तेव्हा ठरवलं की हे आपणच करायचं, आणि त्यासाठी आधी आपल्या थंडीचे आवाज धरायचे.

आता यंत्र. एच१एन हा २०१८ साली आलेला, तळहातात मावणारा रेकॉर्डर. वर एकमेकांना नव्वद अंशात बसवलेले दोन माइक आहेत, त्यामुळे डावं-उजवं व्यवस्थित वेगळं येतं. रिमोटमध्ये घालतो तसले दोन बारीक सेल लागतात आणि अल्कलाइन सेलवर सुमारे दहा तास रेकॉर्डिंग होतं असं कंपनी सांगते. पहाटेच्या गारठ्यात सेल लवकर मान टाकतात, कुठल्याही कंपनीचे असोत, तेव्हा मी सुट्टे सेल स्वेटरच्या आतल्या खिशात ठेवते. मायक्रो एसडी कार्ड ३२ जीबीपर्यंत चालतं. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर वेव्ह (आवाज न दाबता साठवणारी) फाइल केली तर तासाला साधारण एक जीबी जातो, म्हणजे एक कार्ड अख्ख्या हिवाळ्याला पुरावं. ४८ च का, तर व्हिडिओचा तोच प्रमाण दर आहे, ४४.१ हा सीडीचा. तुमचं संगीत व्हिडिओलाच जाणार असेल तर पहिल्यापासून ४८ वर ठेवा, नंतर बदलाबदली नको.

मी सेकंडहँड घेतला, साडेपाच हजारांना. विकणाऱ्यानं फोम (माइकवर घालायची वाऱ्याची टोपी) आणि कार्ड देतो म्हणून सांगितलं होतं, डबा उघडला तर दोन्ही नाही. त्याचं नाव घेत नाही, पण सेकंडहँड घेताना आधी डब्यात काय काय आहे त्याचा फोटो मागा.

वापरायला सोपा आहे, आणि माझ्यासारखीला ही मोठी गोष्ट. समोर आवाजाची पातळी ठरवायला ० ते १० आकड्यांची गोल चकती. मेनूत बुडी मारावी लागत नाही, हातमोजे घालूनही फिरते. लो कट (खालचे घुमणारे आवाज कापणारा), लिमिटर (अति मोठा आवाज आवरणारा), ऑटो लेव्हल (पातळी आपोआप लावणारा) यांना वेगवेगळी बटणं. ऑटो लेव्हल बंदच ठेवा. रात्रीच्या शांततेत ते आपोआप आवाज वाढवत नेतं आणि मग कुत्रं भुंकलं की एकदम खाली दाबतं. ऐकताना कुणीतरी रेडिओच्या बटणाशी खेळतंय असं वाटतं. चकती हातानं लावायची, मोठ्यात मोठा आवाज मीटरवर उणे बारा डेसिबलच्या आसपास राहील अशी, आणि मग हात लावायचा नाही.

उणे बारा का, ते शेकोटीपाशी कळतं. शेकोटीचा आवाज दिसतो तेवढा साधा नाही. सलग चालू असते ती नुसती फुरफुर, अगदी बारीक. पण मध्येच काडीतला ओलावा वाफ होऊन फुटतो आणि ‘तड’ होतं, ते त्या फुरफुरीच्या कितीतरी पट मोठं. फुरफुरीवर पातळी लावली तर प्रत्येक तड चिरकी येते. म्हणून तडीवर लावायची, लिमिटर चालू ठेवायचा आणि फुरफुर घरी येऊन वाढवायची. लाकडालाही महत्त्व आहे. बाभळीचा ओंडका शांतपणे जळतो, त्याला फार बोलता येत नाही. द्राक्षाच्या छाटणीतल्या वाळलेल्या काड्या मात्र काय सुंदर तडतडतात! बारीक, कोरड्या, एकामागून एक. माझ्या ‘पहाटपाणी’ नावाच्या तुकड्यात तबला नाहीच, ताल सगळा काड्यांचा. चांगल्या तडी वेचल्या, कापल्या आणि दादऱ्याच्या मात्रांवर बसवल्या. ऐकणाऱ्याला शेकोटीच वाटते, पण पाय आपोआप हलतो.

रेकॉर्डर शेकोटीच्या दोन-अडीच हात लांब, छोट्या तिवईवर ठेवायचा. अंग प्लास्टिकचं आहे, उगाच जवळ नेऊन धग लावू नका. आणि हातात तर धरायचाच नाही. असल्या सगळ्या हलक्या रेकॉर्डरांना बोट सरकलं तरी घासल्याचा आवाज थेट माइकमध्ये जातो. तिवईचा आटा दिलाय तो त्यासाठीच.

वाऱ्याचं मात्र बघावं लागतं. साधा फोम घरात बोलताना चालतो, शिवारात नाही. केसाळ टोपी लागते. विकत मिळते, पण मी जुन्या टेडीचं कापड शिवून घातलं. आमच्या टेलरनं मापं घेताना विचारलं, ‘ताई, हे नेमकं कोणाचं कानटोपडं?’ चाललंय छान. त्यावर लो कट लावला की उरलेला भकभकाट जातो. पण मोटारीला लो कट लावू नका, तिचा सगळा जीव खालीच असतो.

मोटारीची गंमत सांगायलाच हवी. शेतीची लाईट बऱ्याचदा रात्रीची, त्यामुळे थंडीच्या रात्री शिवारभर बोअरच्या मोटारींची घुं ऐकू येते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आणि असल्या गुणगुणीत त्याच्या दुपटीचा, १०० हर्ट्झचा सूर ठळक असतो. पेटीवर शोधला तर तो खालच्या पांढरी पाचच्या किंचित वर बसतो. माझी पेटी जुनी, तिचे सूर मुळातच थोडे चढे. स्टार्टरच्या पेटीपाशी रेकॉर्ड केलेली घुं घरी लावली, वर पांढरी पाच दाबून धरली, आणि दोन्ही एकमेकांत असे मिसळले की यजमान आतून विचारत आले, तानपुरा कधी आणला? जिथे थोडा फरक उरला तिथे ऑडॅसिटी या आवाज कापाजोडायच्या प्रोग्रॅममध्ये पिच (सुराची उंची) बदलून जुळवला. तेव्हापासून पांढरी पाच हाच माझा हिवाळ्याचा षड्ज.

त्या षड्जावर वाजवते ते बहुतेक मालकंसाच्या अंगानं. जुन्या रागमालांमधल्या हनुमत मतात, म्हणजे रागांच्या वर्गवारीच्या एका जुन्या परंपरेत, प्रत्येक ऋतूला एक राग दिलाय, हेमंताला श्री आणि शिशिराला मालकंस. श्री माझ्या आवाक्यातला नाही, खोटं कशाला बोलू. मालकंस पाचच सुरांचा, रिषभ-पंचम नाहीत, ग ध नि कोमल. त्यात मोकळी जागा भरपूर आहे आणि व्हिडिओखाली नेमकी तीच लागते, कारण वर कुणीतरी बोलत असतं. ‘मालकंस अशा घाईत वाजवतात का’ म्हणून आमच्या बुवांनी नाक मुरडलं, ते रास्तच आहे. नव्वद सेकंदांत राग मांडता येत नाही. मी रंग तेवढा उसना घेते.

पेटी रेकॉर्ड करायलाही हाच एच१एन. वरून धरला तर पट्ट्यांची खटखट येते, भात्याकडून धरला तर फुसफुस. समोरून दोन फुटांवर, पेटीच्या खाली घडी घातलेला टॉवेल आणि भोवती दोरीवर टाकलेल्या दोन गोधड्या, म्हणजे खोलीचा घुमारा मरतो. खर्जाचे सूर एकटे उघडायचे आणि भाता अर्ध्या जोरानं. असा दबका आवाज मला कुठल्याही तयार पियानोपेक्षा थंडीचा वाटतो.

बासरीनं मात्र पहिल्यांदा डोकं उठवलं. शेजारचा बारावीतला मुलगा चांगली वाजवतो. त्याला हौसेनं शेकोटीपाशी बसवलं, सूर धरला, आणि पेटीवरच्या रेकॉर्डिंगला तो काही केल्या लागेना, सगळा उतरलेला. यात त्याचा दोष नव्हता. हवा गार झाली की तिच्यात ध्वनीचा वेग कमी होतो: शून्य अंशाला सेकंदाला ३३१ मीटर, तीस अंशाला ३४९. बासरीचा सूर आतल्या हवेवर ठरतो, म्हणून ती थंडीत उतरते. पेटीचा सूर पितळी पट्टीवर ठरतो, तिला गारठ्याचं फारसं काही वाटत नाही. फुंकून फुंकून बासरी गरम होते खरी, पण उघड्यावर थांबलात की पुन्हा खाली. आता बासरी घरात, दार लावून. शेकोटी खाली नंतर जोडायची.

थंडीचं आणखी एक देणं म्हणजे लांबचे आवाज. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमीन लवकर निवते, खालची हवा वरच्यापेक्षा गार होते, आणि आवाज वर निघून न जाता वाकून पुन्हा जमिनीकडे येतो. म्हणून उन्हाळ्यात न ऐकू येणारी भुसावळकडे जाणाऱ्या गाडीची शिट्टी डिसेंबरात थेट अंगणात ऐकू येते. ती शिट्टी धरताना मात्र या यंत्राची मर्यादा समजते. एवढ्याशा माइकांना स्वतःची एक बारीक सळसळ असते, आणि चकती पुरती चढवली की शिट्टीबरोबर तीही चढते. या किमतीच्या हँडी रेकॉर्डरकडून निवांत जंगलातल्या पानाच्या आवाजाची अपेक्षा करू नये. ऑडॅसिटीत नॉइज रिडक्शन आहे, बेतानं वापरलं तर चालतं. जास्त दाबलं की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. मी ती सळसळ बऱ्याचदा तशीच ठेवते. खाली मोटारीची घुं असली की ती कुणाला कळतही नाही.

श्रीगोंद्याला बहिणीच्या शेतावर हुरड्याला गेले होते तेव्हाचे दोन आवाज माझ्या सगळ्या तुकड्यांत आलटून पालटून येतात. पहिला हुरडा चोळण्याचा. गोवऱ्यांच्या आरात भाजलेलं गरम कणीस दोन तळव्यांत धरून चोळलं की खसखस खसखस असा ठेका येतो, आणि शेवटी कोंडा फुंकल्याची एक फुंकर. हे मी माइकपासून वीतभर अंतरावर घेतलं, ठेक्यात चोळायला मेहुण्यांना बसवलं. मेहुणे ऐटीत, पण लय पक्की. दुसरा आवाज ऊसतोडीच्या गाड्यांचा. कारखाना चालू असला की रात्री उसानं भरलेल्या बैलगाड्या रस्त्यानं जातात, बैलांच्या गळ्यात घुंगरमाळा. कॅनडात एडमंटनला असलेली माझी भाची बर्फाचे व्हिडिओ करते. तिला घंटांची किणकिण हवी होती, तिला मी हीच पाठवली. तिनं बदल्यात कडाक्याच्या थंडीतल्या बर्फावर पाऊल पडलं की होणारी कर्रकर्र फोनवर धरून पाठवली. तिच्या फोनचं रेकॉर्डिंग आणि माझं शेजारी लावलं तेव्हा एच१एनचे पैसे कुठं गेले ते कळलं. फोन आवाज स्वतःच्या मनानं दाबतो-चढवतो, बोलणं सोडून बाकीचं कचरा समजून पुसायला बघतो. बर्फाची कर्रकर्र त्याला कचराच वाटली असणार.

जुळवाजुळव मी ऑडॅसिटीतच करते. फुकट आहे, २००० सालापासून आहे, दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरवर चालतं. व्हिडिओसाठी म्हणून दोन गोष्टी पाळते. माणसाचं बोलणं जिथे स्पष्ट होतं, साधारण एक ते चार किलोहर्ट्झ, तिथे संगीत तीन-चार डेसिबल खाली घेते, म्हणजे बोलणाऱ्याला संगीताशी भांडावं लागत नाही. आणि लाउडनेस नॉर्मलायझेशनमध्ये (एकूण आवाज एका पातळीला आणण्यात) उणे १४ एलयूएफएस ठेवते, कारण त्याहून मोठा आवाज यूट्यूब त्याच आसपास खाली आणतं, मोठं करून उपयोग नाही. प्रत्येक तुकडा दोन प्रकारे देते: एक पेटीसकट, एक पेटीशिवाय. बोलके लोक दुसरा नेतात.

आता वाटणं. स्वतःचा रेकॉर्डर घेण्याचं माझ्या मते सगळ्यात मोठं कारण इथे आहे, आवाजाचा दर्जा त्यानंतर. फुकट मिळणारे तयार लूप (पुन्हा पुन्हा वाजवायचे छोटे तुकडे) वापरून केलेलं संगीत वाटायला गेलात की कधीतरी अडकता. तोच लूप आणखी कुणीतरी वापरलेला असतो, तो स्वतःचं गाणं म्हणून कंटेंट आयडीत, म्हणजे यूट्यूबच्या हक्क ओळखणाऱ्या यंत्रणेत, नोंदवतो, आणि तुमच्याकडून संगीत घेतलेल्या बिचाऱ्या वहिनींच्या लाडवांवर दावा येतो. लूप असे नोंदवायचे नाहीत असा नियम आहे, पण निस्तरायला वेळ आपलाच जातो. माझ्या काड्या, माझी मोटार, मेहुण्यांचे तळवे: यावर माझ्याआधी कुणाचा हक्क असणं शक्य नाही.

सुटे आवाज मी फ्रीसाउंडवर टाकते, बार्सिलोनातल्या एका विद्यापीठातल्या मंडळींनी २००५ मध्ये सुरू केलेली साइट आहे. तयार तुकडे इंटरनेट आर्काइव्हवर. परवाने क्रिएटिव्ह कॉमन्सचे, म्हणजे सीसीचे, आपलं काम इतरांना वापरू देणारे. सुट्या आवाजांना सीसी झिरो, म्हणजे घ्या आणि काहीही करा. तुकड्यांना सीसी बाय, म्हणजे नाव लिहा आणि वापरा. इथे एक खाचखळगा आहे, तो बऱ्याच हौशी लोकांना माहीत नसतो. ‘माझ्या संगीतात बदल करू नका’ या भावनेनं लोक एनडी (बदल करून वाटायला मनाई) लावतात. पण क्रिएटिव्ह कॉमन्सच्या नियमात संगीत हलत्या चित्राशी जुळवणं हाच बदल धरला जातो. म्हणजे एनडी लावलेलं संगीत व्हिडिओला लावताच येत नाही, एका अक्षराचाही बदल न करता! व्हिडिओवाल्यांसाठी वाटताय आणि एनडी लावताय, तर वाटलंतच कशाला. एसए (बदललेलं कामही त्याच परवान्यानं वाटा) लावलंत तर त्यांचा व्हिडिओही त्याच परवान्याखाली जावा लागतो, ते लोकांना झेपत नाही. आणि एनसी (व्यावसायिक वापर नको) म्हटलं की ज्यांच्या व्हिडिओवर जाहिराती येतात ते घाबरून पळतात.

माणसांच्या आवाजाचं वेगळं. कार्तिकातल्या काकड आरतीचं सुंदर रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे, पण ते मी वाटलेलं नाही. अभंग तुकोबांचा, तो सगळ्यांचा. गाणाऱ्याचा गळा मात्र गाणाऱ्याचा, आणि आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ३८ नं कलाकाराला स्वतःचा हक्क दिलेला आहे. वासुदेव दारी आला तर आधी विचारते, दक्षिणा देते, कुठे वापरणार ते सांगते, मगच लाल बटण. एकानं नाही म्हटलं, तर नाही.

घेण्याआधी एवढं बघा. याला मोठ्या माइकची एक्सएलआर पिन लागत नाही, बारीक साडेतीन मिलिमीटरची लागते. स्टुडिओचा माइक जोडायचा मनात असेल तर हा तुमचा नव्हे. मागचा स्पीकर फक्त रेकॉर्ड झालंय की नाही एवढं बघायला, निर्णय हेडफोनवरच घ्या. २०२४ मध्ये याच घरातला एच१एसेन्शियल आलाय, त्यात ३२ बिट फ्लोट (पातळी नंतर लावता येते असं रेकॉर्डिंग) असल्यानं पातळीची चकतीच नाही, शेकोटीची तड कितीही मोठी असो. नवाच घ्यायचा असेल आणि खिसा परवानगी देत असेल तर तो बघा. मला चकती आवडते, आणि साडेपाच हजारांत ती मिळाली. सेकंडहँड घेणार असाल तर दुकानात हेडफोन लावून चकती हळूहळू फिरवून बघा, खरखर आली तर परत ठेवा. आणि केसाळ टोपीला पैसे घालू नका, घरात एखादा जुना टेडी असेलच.